रात्रीची भांडी लवकर कशी उरकावीत? (भिजवण, क्रम, यंत्र, बोअरचं पाणी)

सायली_ठाणे

घरात पाच माणसं, दोघं नोकरीला, दोन शाळेचे डबे, शिवाय सासूबाईंचं पथ्याचं वेगळं शिजतं. भांड्यांच्या मावशी सकाळी येतात, त्यामुळे प्रश्न उरतो रात्रीच्या ढिगाचा. कुकर, कढई आणि तवा पहाटे डब्यांसाठी लागतात, म्हणजे ते रात्रीच स्वच्छ हवेत.

डिशवॉशर घ्यावं की नाही यावर इथे पूर्वी दोन-तीनदा कुस्त्या झाल्यात, ती नको. मला हवं ते असं: हाताने घासायचं तर कशात काय भिजवायचं आणि क्रम कोणता? यंत्र घेतलंच तर आपल्या भांड्यांतलं त्यात काय चालतं? सोसायटीचं पाणी बोअर आणि टँकरचं मिसळून येतं. आणि मुळात भांडी कमी कशी निघतील? कृपया आकडे आणि कृतीसकट लिहा.

मोरीतला_मुनी

सगळा वेळ वाळलेल्या खरकट्यात जातो. ताट उचलल्यापासून घासेपर्यंत ते ओलं राहिलं तर निम्मं काम आपोआप होतं. पण सगळं एका टोपात बुडवून ठेवणं म्हणजे भिजवणं नव्हे. त्याने वरणाच्या वाटीचं तेल पाण्याच्या पेल्यांना लागतं आणि काम वाढतं.

कणीक, भात, पिठलं, खीर, साबुदाणा यांना गार पाणी. गरम ओतलं की पिठातला स्टार्च फुगतो आणि भांड्याला खळ लावल्यासारखा चिकटतो. परातीतली कणीक गार पाण्यात १० मिनिटं राहू द्या, नुसत्या बोटांनी निघते. दूध आणि अंड्यालाही आधी गारच, कारण उष्णतेने प्रथिनं गोठून पक्की बसतात. तूप, तेल, रस्सा यांना मात्र गरम पाणी आणि साबणाचे दोन थेंब. तूप गार पाण्यात घासलंत तर ते घासणीवर जातं आणि तिथून पुढच्या प्रत्येक भांड्यावर.

क्रम: आधी पेले आणि चहाचे कप, मग वाट्या-चमचे, मग ताटं, मग पातेली, शेवटी कढई आणि तवा. तेलकट भांडं मध्ये घुसलं की घासणी धुवा, नाहीतर पुढचं सगळं बुळबुळीत.

पावशेर

सर्वांत सोपा उपाय: पत्रावळी.

वाटी_चमचा

@पावशेर, पत्रावळीवर कटाची आमटी वाढून दाखवा. द्रोण लागतील, आणि कढई घासायची उरतेच.

मुनींच्या यादीत एक भर. पुरणयंत्र, किसणी, चाळणी आणि गाळणी ही भिजवायची भांडी नाहीतच, वापर झाल्या झाल्या उलट्या बाजूने नळाखाली धरायची. पुरण जाळीत वाळलं की सुई घेऊन बसावं लागतं. चहाची स्टीलची गाळणी काळी होऊन पाणी तुंबायला लागलं तर चिमट्यात धरून जाळी गॅसच्या आचेवर लाल होईपर्यंत तापवा. आतला चोथा जळून जातो. गार झाल्यावर जुन्या दातघासणीने झटका. प्लॅस्टिकच्या कडेची गाळणी असेल तर अर्थातच नको.

केमिकल_काका

साबणाबद्दल. वडी सोयीची वाटते, पण तिच्यात भरड म्हणून खनिज पूड घातलेली असते. पातेल्याच्या दुमडलेल्या काठात आणि कानाखाली जी पांढरी रेघ दिसते ती हीच. शिवाय वाटीत पाणी साचलं की वडीचा लगदा होतो आणि निम्मी वाहून जाते. लिक्विड घ्या, पण बाटली थेट घासणीवर पिळू नका. एका वाडग्यात कपभर पाणी आणि १ लहान चमचा लिक्विड. त्यात घासणी बुडवायची. घासणीवरचं घट्ट लिक्विड मळापेक्षा विसळण्याचंच काम जास्त वाढवतं.

बोअरच्या पाण्यात फेस कमी येतो म्हणून लोक साबण वाढवत जातात. लिक्विडला फेसावर जोखू नका. बोट फिरवून कुरकुर आवाज आला की तेल गेलं.

पातेलं करपलं तर, स्टीलचं असेल तर, करपलेला भाग बुडेल इतकं पाणी (साधारण १ लिटर) आणि २ मोठे चमचे खाण्याचा सोडा, १० मिनिटं उकळा, झाकून गार होऊ द्या, लाकडी उलथन्याने खरवडा. तारेची घासणी त्यानंतर, उरलंच तर.

खरवस

सोडा टाकून उकळायची ही युक्ती अ‍ॅल्युमिनियमच्या कुकरलाही लागू होते का?

केमिकल_काका

नाही! सोड्याने अ‍ॅल्युमिनियम काळं पडतं, कारण अल्कली त्याच्यावरचा संरक्षक थर खाते. अ‍ॅल्युमिनियमला आंबट चालतं: लिंबाची सालं, चिंचेचं पाणी किंवा १ लिटर पाण्याला १ चमचा लिंबूसत्त्व, ५ ते ७ मिनिटं उकळून. कुकरचा आतला तळ काळवंडू नये म्हणून डबे लावताना तळाच्या पाण्यात पिळलेल्या लिंबाची फोड टाकून ठेवा. नंतर घासायचा प्रश्नच येत नाही.

तांबं-पितळेलाही आंबटच, चिंच आणि मीठ. पण चिंचेचा कोळ लावून रात्रभर ठेवू नका, डाग पडतात. चोळा, लगेच धुवा, लगेच पुसा. पाणी अंगावर वाळलं की डाग परत हजर.

रत्नागिरीकर

मासळीचं कुणी बोललंच नाही, म्हणून. आंबट तिथेही. वास ज्या द्रव्यांचा असतो ती अल्कली जातीची, आंबटाने मारली जातात. आधी गार पाण्याने विसळा, मग कोकमाच्या आगळाचं पाणी किंवा लिंबाची साल फिरवा, मग साबण. सुरमई तळलेल्या तव्यावर कोरडं बेसन किंवा तांदळाचं पीठ टाकून पुसून काढा, तेल आणि वास दोन्ही पीठ ओढून घेतं. मासळीची घासणी वेगळी. ती दुधाच्या पातेल्याला लावणाऱ्या माणसाच्या हातचा चहा पिऊ नये.

बिडाचा तवा असेल तर साबण कमीत कमी आणि भिजत घालणं अजिबात नाही. गरम असतानाच पाण्याचा हबका, झाडूच्या काड्यांचा कुंचला, मग गॅसवर पूर्ण कोरडा करून तेलाचं बोट. ओला ठेवलात तर सकाळी तांबूस.

मिक्सरवाला

मिक्सरच्या भांड्याला दोन मिनिटं लागतात, ती अर्ध्या मिनिटावर येतात. चटणी काढली की पाव भांडं पाणी, लिक्विडचा एक थेंब, झाकण लावून १० सेकंद पल्सवर फिरवा, ओता, पुन्हा नुसत्या पाण्याने तेच. पात्याखालचा चिवट भाग यानेच निघतो, बोट घालायचं नाही.

भांडं बुडवून मात्र कधी ठेवू नका. खालच्या कपलरजवळ जी बुश असते तिच्यात पाणी शिरलं की ग्रीस निघून जातं. मग दळताना खालून काळं पाणी झिरपतं आणि पातं जाम होतं. धुऊन झालं की उताणं न ठेवता आडवं ठेवा.

नळजोड

आता यंत्राबद्दल, कारण पहिल्या पोस्टमध्ये विचारलंय. घ्यायच्या आधी चार गोष्टी जागेवर बघा.

दाब: बहुतेक यंत्रांना किमान ०.३ ते ०.५ बार लागतो. म्हणजे टाकीतल्या पाण्याची पातळी यंत्राच्या नळापेक्षा ३ ते ५ मीटर उंच हवी. टाकीखालच्या लगेचच्या मजल्यावर हा दाब मिळत नाही, यंत्र पाण्याची वाट बघत बसतं आणि चूक दाखवून थांबतं. तिथे छोटा प्रेशर पंप लागतो.

वीज: १६ अँपियरचा वेगळा पॉइंट आणि खरं अर्थिंग. बेसिनखाली एक्सटेन्शन बोर्ड ओढू नका.

निचरा: पाणी बाहेर सोडणारी नळी कुठेतरी जमिनीपासून साधारण ४० ते १०० सेंटिमीटर उंचीवर कमानीसारखी चढवलेली असावी लागते. ती थेट मोरीच्या जाळीत खाली सोडली तर पाणी आत येता येता बाहेर ओढलं जातं, यंत्र भरतच राहतं आणि लोक म्हणतात मोटार गेली.

वाफ: ओट्याखाली बसवणार असाल तर फळीच्या खालच्या कडेला पॅकेटमधली चंदेरी पट्टी चिकटवायचीच. ती फेकून दिली जाते आणि वर्षभरात लॅमिनेट फुगतं.

शंकेखोर

बोअरचं पाणी म्हणून आमच्याकडे टीडीएस मीटरने ६०० दाखवलं. मग यंत्राची पाण्याच्या कडकपणाची सेटिंग तेवढीच ठेवायची का?

केमिकल_काका

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळं, कडकपणा म्हणजे त्यातला कॅल्शियम-मॅग्नेशियमचा हिस्सा. ६०० टीडीएसचं पाणी ४०० कडक असेल किंवा १५०. मत्स्यटाकीच्या दुकानात किंवा यंत्राबरोबर चाचणीच्या पट्ट्या मिळतात, त्याने कडकपणा मोजा. यंत्राच्या पुस्तिकेत जर्मन अंश दिले असतील तर मिलिग्रॅम प्रति लिटरला १७.८ ने भागा. ४०० म्हणजे साधारण २२. त्या पायरीवर सेटिंग लावा. भारतीय मानकात (आयएस १०५००) पिण्याच्या पाण्याची कडकपणाची स्वीकारार्ह मर्यादा २०० आहे, दुसरा पर्याय नसेल तर ६०० पर्यंत. यावरून आपलं पाणी कुठे बसतं ते कळेल. मुंबई महापालिकेचं तलावाचं पाणी मऊ असतं, तीच सेटिंग टँकरवर चालणार नाही.

यंत्रात मीठ घालायचं ते पाणी मऊ करणारं रेझिन धुण्यासाठी. यंत्रातलं रेझिन पाण्यातला कॅल्शियम पकडतं आणि सोडियम देतं. ते भरलं की मिठाच्या पाण्याने त्याला पुन्हा तयार करायचं. म्हणून मऊ केलेल्या पाण्याचा टीडीएस कमी होत नाही, आणि 'मीठ घालूनही मीटर तेच दाखवतो' ही तक्रार चुकीची. साधं खायचं मीठ नको. त्यातल्या गठ्ठा न होण्यासाठी मिसळलेल्या पुडीने आणि बारीक कणांनी टाकी चोंदते. पहिल्यांदा आधी पाणी, मग साधारण १ किलो जाडं मीठ. बाहेर सांडलेलं मीठ तसंच राहिलं तर स्टीलला तांबूस ठिपके पडतात, म्हणून भरल्याबरोबर एक फेरी चालवायची.

गोंधळी

म्हणजे भांड्यांना मिठाचं पाणी लागत नाही? इतके दिवस वाटायचं ताटं आधीच खारट होतात.

नळजोड

लागत नाही, मीठ वेगळ्या कप्प्यात आणि ते पाणी निचऱ्याने जातं.

आत काय घालावं आणि काय नाही. स्टील, काच, चिनी माती, मुलांचे स्टीलचे डबे: बिनधास्त. अ‍ॅल्युमिनियम, तांबं, पितळ, बीड, लाकडी पोळपाट-लाटणं, धारेच्या सुऱ्या, थर्मासच्या भिंतीचे कॅसरोल आणि बाटल्या: नाही. अ‍ॅल्युमिनियमची कढई एका फेरीत काळी-करडी होते, हाताला काजळी लागते. अ‍ॅनोडाइज्ड (थर चढवलेलं) अ‍ॅल्युमिनियमही तसंच, त्यावरचा रंगीत थर जातो. म्हणजे तुमच्या घरी स्टील किती आणि अ‍ॅल्युमिनियम किती हे आधी मोजा, नाहीतर निम्मी भांडी हातानेच राहतात.

लावताना: वाट्या एकमेकींत बसल्या की आतली तशीच निघते, प्रत्येक वाटी थोडी तिरपी आणि मोकळी. कढई उपडी आणि कलती, नाहीतर तळावर पाणी साचतं. परात आणि मोठी ताटं खालच्या कप्प्यात, पण दारावरच्या साबणाच्या झाकणासमोर उभी नकोत. झाकण उघडतच नाही आणि वडी तशीच कोरडी सापडते. शेवटी पाणी फवारणारा वरचा-खालचा पंखा हाताने फिरवून बघा, उलथन्याचा दांडा अडकत असेल तर सगळी फेरी वाया.

आधी धुवायचं नसतं, फक्त खरकटं ढकलायचं. साबणातल्या एन्झाइम्सना काहीतरी खायला लागतं. पण कढीपत्ता, मोहरी, भाताची शितं काढाच. मोहरीचा दाणा पंख्याच्या भोकात नेमका बसतो आणि वरच्या कप्प्यातली भांडी धुतली जात नाहीत. टाचणीने काढावा लागतो. गाळणीचा डबा आठवड्यातून एकदा काढून घासा.

मोरीतला_मुनी

@नळजोड, एन्झाइमवर सहमत, पण ५० अंशांच्या फेरीला अडीच-तीन तास लागतात. रात्री ९ ला लावलं तर १२ ला निघेल. मग पहाटेची कढई कधी?

नळजोड

झोपताना लावा, पहाटे काढा. फेरी संपल्यावर दार दोन बोटं किलकिलं ठेवलं तर स्टील स्वतःच्या उष्णतेने सुकतं. प्लॅस्टिक सुकत नाही कारण ते उष्णता धरत नाही, तिथे फडकं लागणारच. ३० मिनिटांची फेरी वाळलेल्या कणकेवर निरुपयोगी आहे, ती फक्त चहाच्या कपांसाठी. आणि कढई-तवा-कुकर हातानेच. तीनच भांडी आहेत.

वाटी_चमचा

पाणी आणि विजेचं काय? 'यंत्र पाणी पितं' हे वाक्य धाग्यात एकदा तरी यावंच लागतं.

नळजोड

आताच्या यंत्रांची फेरी साधारण ९ ते १२ लिटर, वीज जवळपास १ युनिट, जास्त तापमानाला त्याहून जास्त. नळ मिनिटाला ६ लिटर सुटतो असं धरलं तर सतत नळ सोडून दोन मिनिटांत तेवढं संपलं. नळ बंद ठेवून, टोपात विसळणारा माणूस मात्र यंत्राला हरवतो. तेव्हा जे नळ सोडून घासतात त्यांचीच बचत होते, बाकीच्यांची नाही. निदान नळाला जाळीचं तोंड लावा, धार फेसाळते आणि पाणी कमी उडतं.

इतिहासप्रेमी

अवांतर: हातात धुताना चिनी मातीची भांडी फुटतात म्हणून अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात जोसेफिन कॉक्रेन यांनी १८८६ मध्ये याचं पेटंट घेतलं आणि १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ते यंत्र मांडलं. पहिली गिऱ्हाइकं घरं नव्हती, हॉटेलं होती.

पावशेर

तेव्हाच्या हॉटेलात कटाची आमटी नव्हती, हे नोंदवून ठेवतो.

खरवस

यंत्रात ग्लास पांढरट होतात, त्याला काय?

केमिकल_काका

व्हिनेगर लावून पुसा. गेलं तर कडक पाण्याचा थर: सेटिंग वाढवा आणि रिन्स एड (शेवटच्या विसळणीत पाणी निथळवणारं द्रावण) भरा. नाही गेलं तर काच झिजलीय, ती परत येत नाही. झीज मऊ पाण्यात जास्त साबण टाकल्याने होते. पावडर १५ ते २५ ग्रॅम पुरते. निळसर झाक आली तर रिन्स एड जास्त झालंय.

थर काढायला १०० ग्रॅम लिंबूसत्त्व घालून रिकामी फेरी चालवा. त्या फेरीत साबण नको, दोन्ही एकमेकांना मारतात. आणि ब्लीच तर आंबटाबरोबर कधीही नको, विषारी क्लोरीन वायू निघतो.

घरकामगार_ताई

इतकं सगळं लिहिलंत, तर घासणाऱ्या बाईच्या बाजूने थोडं. मावशी सकाळी येतात तेव्हा रात्रीची कणीक दगड झालेली असते. एका घरात त्यासाठी दहा मिनिटं जादा गेली तर पुढची सगळी घरं उशिरा. खरकटं काढून, प्रकाराप्रमाणे भिजवून ठेवलं तर तिचंही काम निम्मं. करपलेलं पातेलं सोड्यात उकळून ठेवा, तिच्या हाताला तारेची घासणी द्यायची वेळ आणू नका. हातमोजे आणि गरम पाण्याची बादली थंडीत द्या. आणि जेवायला पाहुणे असले की 'जरा पाच-सहाच भांडी' म्हणू नका, ती वेगळी मोजावीत.

वाटी_चमचा

+१. भांडी कमी करण्याचं राहिलं. प्रत्येकाचा पेला ठरलेला, वरच्या कडेला दोऱ्याची किंवा रंगाची खूण, दिवसभर तोच. ज्यात शिजलं त्यातूनच वाढा, टेबलावर वेगळे वाडगे नकोत. कुकरच्या एकावर एक डब्यांत वरण, भात आणि पथ्याचा मऊ भात एकाच वेळी. झारा, डाव, उलथनं ठेवायला गॅसशेजारी एकच ताटली, प्रत्येकाला वेगळी बशी नाही. चव बघायचा चमचा तिथेच. एकदाच कणीक मळून दोन वेळची पोळी, परात एकदाच.

सायली_ठाणे

सगळ्यांना धन्यवाद, खूप मिळालं. घरातलं मोजलं: वाट्या, ताटं, पेले, डबे स्टीलचे. कढई आणि कुकर अ‍ॅल्युमिनियम. म्हणजे यंत्र आलं तरी अर्धा ढीग हातानेच. मग यंत्राशिवाय रात्रीचा क्रम कुणी वेळेसकट मांडेल का?

मोरीतला_मुनी

स्वयंपाक संपताना: तव्यावर कोरडं फडकं, कढईत गरम पाणी आणि दोन थेंब, परातीत गार पाणी. जेवताना हे भिजतं.
जेवण झालं की: प्रत्येकाने आपलं ताट स्वतः खरवडून ओल्या कचऱ्याच्या डब्यात झटकायचं आणि बेसिनशेजारी एकावर एक. मुलांनीही. हेच सर्वांत मोठं काम, बाकी दुय्यम.
वाडग्यात साबण-पाणी, पेले ते ताटं: ७-८ मिनिटं. मग परात, कढई, कुकर: ६-७ मिनिटं. विसळायला एक टोप पाणी तेलकट नसलेल्यांसाठी आणि शेवटचा हात नळाखाली. पाटीत उपडी, ताटं उभी. पुसायचं नाही, निथळू द्यायचं, सकाळी लावायचं. दोन माणसं असतील, एक घासणार आणि एक विसळणार, तर सगळं १२ मिनिटांच्या आत होतं.

सायली_ठाणे

चालेल. डब्यांच्या झाकणातली रबरं काढून धुवायची का? काळे ठिपके दिसतायत.

मिक्सरवाला

काढायचीच. खोबणीत ओल राहिली की बुरशी धरते. सुरीच्या टोकाने नको, रबर कापलं जातं, लाकडी चमच्याच्या दांड्याने उचला. धुऊन पूर्ण वाळू द्या आणि मगच बसवा. ठिपके जात नसतील तर नवीन रबर आणा. कुकरचंही तसंच: रबर हाताने धुवा, वाळवून बाहेर ठेवा, झाकणात लावलेलं ठेवलं की ताणून सैल होतं. आणि शिट्टीखालच्या नळीतून उजेडाकडे बघायला विसरू नका. भाताचं शीत अडकलं असेल तर बारीक तारेने काढा.